बिनभोकाची कानातली

इंदापुरात एसटी स्टँडमागच्या गल्लीत महिपतीचं पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं आणि दुकानाला लागून मागं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. पुढच्या दारानं जळालेल्या मोटारी यायच्या, मागच्या दारानं बायका. पुढं वार्निशचा उग्र वास, मागं मण्यांची खळखळ. पाटी फक्त पुढच्या दाराला होती. पण त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला गावातल्या निम्म्याअधिक पोरींच्या कानांत जे काही डुलत होतं, ते या मागच्या दारानंच बाहेर पडलेलं होतं. ते करणारी सारजा, महिपतीची बायको. तिच्या हाताचं कौतुक करणारे आजही पुष्कळ भेटतील. ती स्वतः मात्र आपल्या हातांविषयी चांगलं बोलत नाही, आणि त्याला कारण आहे.

हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. जत्रेत घेतलेल्या एका कानातल्याची कडी तुटली, फेकून देववेना, म्हणून तिनं दुकानात खाली पडलेला तारेचा तुकडा उचलला आणि नवऱ्याच्या पकडीनं वळवून बसवला. मूळच्या कडीपेक्षा तीच बरी दिसायला लागली. मग काय, बाईला नादच लागला. तारेला तोटा नव्हता. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरलं की पळसदेवपासूनची सगळी काठावरची माणसं पाईप आणि मोटारी घेऊन पाण्यामागं धावत सुटायची. वीज यायची ती मरतुकडी, आणि मोटारी पटापट जळायच्या. महिपतीला जेवायला सवड नसायची. जुनी जळकी तार मागच्या अंगणात ढिगानं साठायची, ती भंगारवाला न्यायचा. नव्या रिळाची जी वीत-वीतभर टोकं उरायची, ती सारजाची. मणी ती बारामतीहून आणायची. तिथला मणेरी तिला ओळखायचा आणि नवा रंग आला की बाजूला काढून ठेवायचा.

सुरुवातीला एक घोळ झाला होता. नवी तार तपकिरी दिसते, कारण तिच्यावर लेप असतो. सारजाला वाटलं, हा लेप खरवडला तर आतलं तांबं सोन्यासारखं चमकेल. चमकलंही. एका कॉलेजच्या पोरीनं ती कानातली हौसेनं नेली आणि आठवड्याभरात तिची आई मागच्या दारात उभी. पोरीचे कान हिरवे पडले होते आणि खाजून खाजून लाल झाले होते ते वेगळंच. बाई गल्ली गोळा होईल एवढ्या आवाजात बोलून गेली. महिपती हसायला लागला.

“अगं, लेप काढल्यावर उरलं काय? उघडं तांबं. घामानं हिरवं पडणारच की!”

तेव्हापासून सारजानं लेपाला हात लावला नाही. कापलेलं टोक जिथं उघडं पडेल तिथं ती वार्निशचा थेंब द्यायची आणि माल दोरीला अडकवून वाळवायची. “माझ्या कानातल्यानं पुन्यांदा कुणाचा कान हिरवा झाला न्हाय,” हे ती छाती पुढं काढून सांगायची. पुढं तिनं ते सांगायचं सोडून दिलं.

घरात सासू होती, म्हाळसा. या लोकांकडं पूर्वी मेंढरं होती. मेंढरांमागं घाट उतरून कोकणापर्यंत चालत गेलेली, चालता चालता चातीवर लोकर कातणारी ही बाई. तिला दोन खोल्यांत कोंडल्यावर करमायचं कसं? ती दिवसभर उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची. सारजाच्या धंद्याला तर पहिल्यापासून. “तारंचं दागिनं! उद्या पत्र्याच्या पाटल्या करशील.” पण एकदा सारजा एक वाकडीतिकडी तार सरळ करताना मेटाकुटीला आली होती, ते म्हातारीला बघवलं नाही. तिनं तार हिसकावून घेतली, एक टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळलं, दुसरं डाव्या मुठीत धरलं आणि उजव्या हातातल्या चिंधीनं तार निपटत आणली. तीनदा निपटली आणि तार सुतासारखी सरळ.

“लोकर काय आन् तार काय,” म्हातारी म्हणाली. “ताण कळला पायजे.”

त्या दिवसापासून तारा ताणायचं काम म्हाळसाचं झालं. ताणलेली तार सरळ तर व्हायचीच, वर कडकही व्हायची, वळवलेला आकार सोडायची नाही. सारजाच्या मालाला जो टिकाऊपणा होता त्यातला अर्धा म्हाळसाच्या अंगठ्याचा होता. कुरकुर मात्र चालूच. “ह्या वयात मला तारा ओढायला लावलंय,” असं शेजारणीला सांगायची, आणि एखादे दिवशी तार नसली की दुकानात जाऊन पोराच्या डोक्यावर बसायची.

सासूसुनेचं जमायचं ते असं, कुरबुरीतून. गोडीगुलाबीची एकच वेळ होती. आठवड्यातून एकदा, दुपारची, म्हाळसा पुढ्यात बसायची आणि सारजा तिच्या डोक्याला तेल चोळून द्यायची. एरवी म्हातारीचा पदर डोक्यावरून कानाखाली ओढलेला असायचा, कपाळाखेरीज काही दिसायचं नाही. तेल लावताना तेवढे तिचे कान उघडे पडायचे. दोन्ही पाळ्या फाटलेल्या. प्रत्येक पाळीच्या दोन पाकळ्या होऊन लोंबत होत्या.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी सारजानं त्याबद्दल विचारलं नव्हतं. एकदा विचारलं.

“मालक गेले तवाचं हाय,” म्हाळसा सहज म्हणाली, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होती. “महिपती चार वर्साचा व्हता. थोरल्या जाऊबाई आल्या. डोरलं तोडलं, बांगड्या फोडल्या, मग कानाला हात घातला. फिरकी निघना. मागनं मानसं घाई करायला लागली. वढलं.”

“दुखलं असंल की, आत्या.”

“तवा कुठं दुखलं? लई दिसांनी दुखलं.”

थोरल्या जाऊबाई म्हणजे भामाबाई, महिपतीची चुलत चुलती. अजून हयात होती, गल्लीच्या तोंडालाच राहायची. बाई वाईट नव्हती. कुणाच्याही घरी लग्न असो, मयत असो, भामाबाई आधी हजर, आणि काय करायचं, काय नाही, हे तिला तोंडपाठ. रीत म्हटली की तिचे हात आपोआप चालायचे, मग समोर कोण आहे ते तिला दिसायचं नाही.

छकुलीचं, म्हणजे सारजाच्या थोरल्या पोरीचं, लग्न ठरलं ते पंचाण्णव साली. स्थळ पणदऱ्याचं, घरी ऊस, चार म्हशी, मुलगा दूध डेअरीत. सारजानं मनावर घेतलं की भावकीतल्या प्रत्येक बाईच्या कानात लग्नादिवशी आपल्या हातचं काहीतरी असलं पाहिजे. साडीचोळी कोण देत नाही? हे कुणी दिलेलं नसतं. ती बारामतीला गेली आणि मणेऱ्यानं बाजूला काढलेले डाळिंबी मणी बघून तिथंच हरखली. पिकल्या डाळिंबाचा दाणा असतो ना, अगदी तसला रंग, उजेडात धरला की आतून पेटल्यासारखा. सगळेच्या सगळे घेऊन आली.

दोन दिवसांनी ती बाजारातून परत आली तर म्हाळसा खिडकीपाशी उभी. डोक्यावरचा पदर खांद्यावर. एका हातात पावडरच्या डबीचं झाकण, आत आरसा असलेलं. दुसऱ्या हातानं तयार झालेलं डाळिंबी कानातलं फाटक्या पाळीपाशी धरलेलं. मान जराशी तिरकी. सारजानं सासूला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला तिथं पासष्टीची म्हातारी दिसलीच नाही.

चाहूल लागली तशी म्हाळसानं पदर ओढला. “वजन बघत व्हते,” ती म्हणाली. “जड झालंय जरा.”

ते अजिबात जड नव्हतं. सारजा पिशवी ठेवायला आत गेली. पण पुढच्या वेळी तेल लावायला बसल्यावर म्हातारीनंच विषय काढला, तोही आडून.

“सारजे, कानाला भोकच न्हाय ऱ्हायलं तर गं? तसल्या बायका काय करत असतील?”

“कोन बायका?”

“असत्यात म्हाताऱ्याकोताऱ्या.” मग हळूच, “छकुलीच्या लग्नात समद्याच घालतील न्हाय?”

एवढं झाल्यावर कुणालाही कळलं असतं. सारजालाही कळलं, आणि तिला भरूनच आलं. उभ्या जन्मात या बाईनं सुनेकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते हे.

तिनं कामाला हात घातला. मोठ्या दहा अश्वशक्तीच्या मोटारीला जी जाड तार लागते तिचा तुकडा घेतला, म्हाळसानंच ताणलेला, आणि त्याचा चाप केला. चापाची बुगडी असते तसाच, पण बारीक. फाटलेल्या पाळीच्या वर, कानाच्या कडेला तो नुसता दाबून बसायचा. भोक लागत नव्हतं, टोचत नव्हता, डोकं हलवलं तरी पडत नव्हता. आपल्या स्वतःच्या कानाला लावून सारजा घरभर फिरली, वाकली, पाणी शेंदलं. बसला तो बसलाच. आता मणी.

तिनं डबा उघडला. हात डाळिंबी मण्यांकडं गेला आणि तिथंच थबकला. म्हातारी विधवा. लालभडक मणी. भर मांडवात. भामाबाई काय म्हणेल, पणदऱ्याचे पाहुणे काय म्हणतील, “सुनेनं सासूला नटवून आणलीया” म्हणून हसतील. सारजानं हात काढून घेतला. घरात एक तुटलेली तुळशीची माळ पडून होती, तिचे मणी घेतले आणि त्या चापात ओवले. वयाला शोभेल, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, कानही रिकामा दिसणार नाही. आपण किती समजूतदारपणे वागलो, असं वाटून ती स्वतःवर खूश झाली. माणूस असल्या वेळी स्वतःवर खूश झालं की ओळखावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

म्हाळसानं ते जोड तळहातावर घेतलं. उलटंपालटं करून पाहिलं. “चांगलं केलंस,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते देव्हाऱ्यात, देवाच्या टाकापुढं ठेवलेलं होतं.

“आत्या, ह्ये हितं कसं?”

“तुळशीचं मनी देवाचं. देवाला दिलं.” आणि म्हातारी तार अंगठ्याला गुंडाळायला लागली.

सारजाच्या तोंडात मारल्यासारखं झालं. दिवसभर तिला काही सुचलं नाही. संध्याकाळी तिनं पुन्हा जाड तार घेतली, पुन्हा चाप वळवले आणि या वेळी डाळिंबी मणी ओवले. तीन-तीन, मधला थोरला. तिच्या हातून आजवर झालेलं ते सगळ्यात देखणं काम होतं. टोकांना वार्निश दिलं, वाळवलं आणि सासूपुढं धरलं. म्हाळसा बराच वेळ बघत राहिली. हात पुढं केला नाही.

“आत्ता नगं,” ती म्हणाली. “लग्नात. आन् तूच घाल. मी माज्या हातानं घातलं तर लोक माज्या तोंडावर थुकत्याल. सुनंनं घातलं म्हनल्यावर कोन काय बोलतंय?”

“मीच घालीन, आत्या. समद्यांम्होरं घालीन,” सारजा म्हणाली. त्या घटकेला ती खरंच बोलत होती.

लग्न पणदऱ्याला नवऱ्या मुलाच्या दारात होतं. नवरीकडच्या बायकांना एक खोली दिली होती. तिथं एकच गलका. कुणाचा पदर, कुणाचा गजरा, आणि सगळ्यांच्या कानांत सारजाचे मणी. मोरपंखी, मोतिया, आंबा रंगाचे, डाळिंबी. आत्या, मावश्या, चुलत्या, पोरीसोरी, सगळ्या एकमेकींच्या कानांना हात लावून बघत होत्या. म्हाळसा कोपऱ्यात एका ट्रंकेवर बसली होती. सारजा कमरेला खोचलेली चापांची पुडी सोडत तिच्याकडं आली तशी म्हातारीनं आपण होऊन पदर मागं सारला. दोन्ही कान उघडे करून, हात मांडीवर ठेवून ती लहान पोरीसारखी बसून राहिली.

पुडी सारजाच्या हातात होती. कागद उघडला होता. आणि भामाबाई आत आली, बरोबर विहीण.

“म्हाळसा, डोईवर पदर घे की! पावनी आल्यात,” भामाबाई म्हणाली, आणि सारजाकडं वळून, “हातात काय गं त्ये?”

किती सोपं होतं! “आत्यांचं हाय,” एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. लेकीच्या लग्नाची धावपळ होती, विहीण नवी होती, पोरीला या घरात नांदायचं होतं, हे सगळं खरं. पण सारजा आजही या कारणांमागं लपत नाही. ती भ्याली. भामाबाईच्या नुसत्या विचारण्याला भ्याली.

“काय न्हाय,” ती म्हणाली. “असंच... पोरींसाठी केलंय.”

“बघू,” म्हणून विहिणीनं पुडी घेतली. “अगंबाई! ह्याला भोकबी लागत न्हाय व्हय? आमच्या धाकलीचं कान टोचल्यालं न्हाईत, ती सकाळपासनं रडतीया समद्यांचं बघून.” आणि तिनं तिथंच हाक मारून पोरीला बोलावलं, आणि सहा-सात वर्षांच्या त्या पोरीच्या कानांवर म्हाळसाचे चाप दाबून बसवले. पोर नाचत बाहेर गेली. विहीण खूश, भामाबाई खूश. “आमची सारजा लई गुनाची,” भामाबाईनं वर सांगितलं.

सारजानं वळून पाहिलं तेव्हा म्हाळसानं पदर घेतला होता. कानांवरून, हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता. अक्षता टाकताना ती सगळ्यांच्या मागं उभी होती आणि नातीकडं बघून हसत होती.

घरी परतल्यावर सारजा म्हणाली, “आत्या, दुसरं जोड करते. हुबेहूब.”

“नगं गं,” म्हाळसा म्हणाली. आवाजात राग नव्हता. “आता मला कुठं मिरवायला जायाचंय?”

राग असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळं होता आलं असतं. पण म्हातारी पहिल्यासारखीच तारा ताणत राहिली, पहिल्यासारखीच कुरकुरत राहिली. बदल एकच झाला. तिनं सारजाकडून तेल लावून घेणं बंद केलं. “मी माजं लावते,” म्हणायची आणि खोलीचं दार लोटून घ्यायची. सारजाला वाटलं, रुसवा आहे. सुरुवातीला तिनं दोन-चारदा आग्रह केला, मग सोडून दिला. रुसायचं तर रुसू दे, असंही एकदा मनात आलं. चूक आपली असली की समोरच्याचा रुसवा जास्तच बोचतो.

दुसरं जोड करायचं तिच्या डोक्यात होतं. नव्हतं असं नाही. डाळिंबी मणी लग्नातच संपले होते, बारामतीला गेल्यावर आणायचे होते. ती बारामतीला गेलीही, एकदा नव्हे, कितीदा तरी. सोमेश्वरनगरच्या एका दुकानाची मागणी होती, त्यांना पांढरे पाहिजे होते. पोरींना निळ्याचं वेड लागलं होतं. मणेरी विचारायचा, “डाळिंबी देऊ का?” आणि ती म्हणायची, “पुढच्या खेपंला.” खरी गोष्ट अशी होती की ते मणी घरी आणले असते तर चाप करावा लागला असता, आणि चाप केला असता तर म्हातारीपुढं बसून, तिच्या डोळ्यांत बघून तो कानाला लावावा लागला असता. त्यापेक्षा पुढची खेप बरी.

एकदा तिनं म्हाळसाला मागच्या अंगणात जळक्या तारेच्या ढिगापाशी बसलेलं पाहिलं. म्हातारी काळ्या गुंतवळ्यातून तारा उपसत होती.

“आत्या, हात काळं व्हतील. त्या जळक्यात काय हाय? चांगली तार घरात पडलीया की.”

“ती तुजी,” म्हाळसा म्हणाली. “मी बघते, ही सरळ व्हती का.”

“भंगार ते. त्याचं काय करायचं?”

“भंगारच की,” म्हातारी म्हणाली आणि हसली. सारजा आत निघून गेली. गॅसवर दूध होतं.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात म्हाळसाला ताप आला. डॉक्टर आले, सुई दिली, उतरला, पुन्हा चढला. एके सकाळी सारजा चहा घेऊन गेली तर म्हातारी भिंतीकडं तोंड करून शांत पडली होती. चहा तसाच राहिला.

अंघोळ घालायला मागच्या अंगणात दोन लुगड्यांचा आडोसा केला. भामाबाई आली होती, आता पुरती वाकलेली, पण पाणी किती, हळद कुठं, हे सगळं तीच सांगत होती. सारजानं सासूच्या डोक्यावरचा पदर काढला. दोन वर्षांत पहिल्यांदा. केस मागं सारले, कानावर पाणी घातलं, आणि तिचा हात थांबला.

फाटक्या पाळीच्या वर, कानाच्या कडेला, हिरवा डाग होता. मागच्या बाजूलाही, घडीत. तिनं मान वळवून दुसरा कान पाहिला. तिथंही, त्याच जागी.

“मळ हाय,” भामाबाई म्हणाली. “चोळ जरा.”

सारजानं चोळलं नाही. तो डाग तिनं आधी पाहिला होता, कॉलेजच्या पोरीच्या कानावर. फक्त त्या पोरीचा फिका होता. हा दाट होता, मुरलेला होता, एकदोन दिवसांचा नव्हता. उघडं तांबं. लेप जळून गेलेली तार. दार लोटून तेल लावत बसणारी म्हातारी, तो कानाखाली ओढलेला पदर, ती काळी झालेली बोटं, हे सगळं एकदम तिच्यापुढं येऊन उभं राहिलं. चांगली तार घरभर पडलेली, तीही तिनं स्वतःच्या अंगठ्यानं ताणलेली, पण ती सुनेची म्हणून तिला हात लावला नाही. भंगारातली घेतली. आणि घरातल्या घरात, पदराआड, कुणाला दिसू न देता घातली.

“सारजे, चोळ की. उशीर व्हतुय.”

“मळ न्हाय ह्यो, थोरल्या आत्या,” सारजा म्हणाली. आडोशाबाहेरही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. “कानातलं हाय. मी दिलं न्हाय, म्हनून आत्यांनी त्यांचं त्यांनी केलं. जळक्या तारंचं.”

भामाबाई वाकून बघायला लागली. तिनं एक बोट त्या हिरव्या डागावर ठेवलं, मग ते खाली, फाटक्या पाळीवर आलं आणि तिथंच राहिलं.

“फिरकी निघतच नव्हती गं,” भामाबाई म्हणाली. “मागनं समदी घाई करत व्हती.” एवढं बोलून तिनं तोंडाला पदर लावला.

सारजा ओल्या हातांनी उठली. आत जाऊन तिनं म्हाळसाची वळकटी झाडली, उशी चाचपली, लोकरीची जुनी पिशवी पालथी केली, देव्हारा पाहिला. तुळशीचं जोड तिथंच होतं, धूळ खात. जळक्या तारेचं कुठंच नव्हतं. तिनं दुकानात जाऊन महिपतीला विचारलं. तो भिंतीला टेकून बसला होता. ढीग गेल्या आठवड्यातच भंगारवाल्यानं नेला, म्हणाला. आई तापातही अंगणात जाऊन बसली होती म्हणे, ढिगात काहीतरी टाकताना त्यानं पाहिलं होतं.

मग सारजानं आपला डबा आणला. सगळ्या बायकांपुढं, भामाबाईपुढं, अंगणात मांडी घालून बसली. जाड तार घेतली. चाप वळवायला तिला वेळ लागला नाही, दोन्ही सारखे झाले. आता तिला कुणाची भीती वाटत नव्हती. पणदऱ्याची विहीण कळताच आली होती, समोर उभी होती, तरी वाटत नव्हती. तिनं डब्याचं झाकण काढलं आणि बोटानं मणी चाळायला लागली. पांढरे होते, निळे होते, मोरपंखी, आंबा, मोतिया, जांभळे. तिनं डबा पालथा केला. अंगणभर मणी झाले. ती एकेक करून बघत राहिली. डाळिंबी त्यात एकही नव्हता.

“घाल की गं,” भामाबाई रडत म्हणाली. “घाल. कुनी काय म्हनत न्हाय. कायबी घाल.”

“कायबी नगं हाय त्यास्नी,” सारजा म्हणाली.

तिनं रिकामे चाप मुठीत धरले. मग उठली, सासूचे केस पुसले, तेल घेऊन सावकाश तिच्या डोक्याला चोळलं, आणि कानांवरून पदर ओढून घेतला.